लर्निंग फॉर जस्टिस की फेसिंग हिस्टरी?

पूर्वग्रह आणि भेदभाव हा विषय वर्गात घ्यायला शिक्षकांना धडे-साहित्य देणारे हे दोन उपक्रम. दोन्ही अमेरिकन, दोन्ही फुकट. पहिलं १९९१ साली ‘टीचिंग टॉलरन्स’ म्हणून सुरू झालं, २०२१ मध्ये नाव बदललं. ओळख, विविधता, न्याय, कृती अशा चार गटांत २० उद्दिष्टं, तीही बालवर्ग ते बारावी वयानुसार फोड करून. उद्याच्या तासाला काय घेऊ, या विवंचनेतल्या शिक्षकाला हे बरं.

फेसिंग हिस्टरी १९७६ पासूनचं. ते विषयात शिरतं इतिहासातून, विशेषतः ज्यूंच्या वंशसंहारातून. त्यातला ‘मूक संवाद’ मला फार आवडतो: मोठ्या कागदाच्या मधोमध एक उतारा, आणि मुलं भोवती फक्त लिहून बोलतात. एरवी तोंड न उघडणारंही कुणी इथे लिहितं होतं. तयारीला मात्र वेळ लागतो, आणि लहानग्यांना हे झेपायचं नाही. वरच्या वर्गांसाठी मी डोळे झाकून हेच घेईन.