घरघंटी: पावसाळा आणि उन्हाळा दोन्ही बघून

भाकरीच्या पिठासाठी घरघंटी घेणार असाल तर घाई करू नका. गल्लीतली दगडी गिरण चालू असेल आणि गिरणवाला आधीच्या दळपाचं पीठ झटकून तुमचं टाकत असेल, तर शाळू तिथंच न्या. आम्ही अजून नेतो. दगडाखाली दाणा दाबून चिरडला जातो, घरघंटीत तो फटक्यानं फुटतो. पीठ दिसायला बारीक येतं, पण आमच्या घरी भाकरी थापणारीचं म्हणणं असं की घरच्या पिठाला ओढ कमी आणि कडा लवकर चिरतात. तिच्या हाताखालच्या भाकरीवर मी वाद घालत नाही.

आम्ही मशीन घेतलं ते मोडाच्या नाचणीसाठी. नातवाला सत्त्व, आम्हा दोघांना आंबील. गिरणीत दोन-तीन किलो नाचणी नेली की आधीच्या गव्हाचं पीठ त्यात येणारच. शिवाय हुग्गीसाठी, म्हणजे गव्हाच्या खिरीसाठी, खपली गहू भरडून हवा असेल तर गिरणवाला तोंड वाकडं करतो. त्याचंही बरोबर आहे, मूठभर दळपासाठी तो दगड वरखाली का करील?

मशीन 1 एचपीचं, सिंगल फेज, राजकोटची बनावट, 20 हजारांच्या आत पडलं. कंपनीचं नाव सांगत नाही, कारण या पेट्या आतून बऱ्याचशा सारख्याच असतात. मी बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत लेथवर आयुष्य काढलं, त्यामुळं दुकानात पहिलं काम केलं ते दार उघडून आत हात घालायचं. मधे शाफ्टवर फिरणारी पाती, भोवती जाळी. पाती दाण्याला फटके मारत राहतात आणि तुकडा भोकातून जाण्याएवढा लहान झाला की खाली डब्यात पडतो. म्हणजे जाडबारीक ठरवते ती जाळी. दुकानदार मात्र एचपी आणि दारावरच्या काचेचा रंग सांगत होता. तुम्ही जाळ्या बाहेर काढायला लावा, उजेडात धरून बघा, कड सरळ बसते का ते बघा. दार उघडलं की मोटर बंद पडते का, हेही तिथंच तपासा. घरात लहान मूल असेल तर त्या स्विचचं मोल कळतं.

घ्यायच्या आधी भाच्याला फोन केला होता. तो बंगळूरला एका मायक्रोब्रुअरीत, म्हणजे बिअरच्या छोट्या कारखान्यात, कामाला आहे, जवाचं माल्ट म्हणजे मोड आणून वाळवलेले जव रोज भरडतो. पुढं त्याच्याकडं गेलो तेव्हा त्यांची चक्की बघितली. दोन रोल, वर खाच पाडलेली, मधली फट साधारण 1 मिलिमीटर. फट मोजायची पातळ पट्टी, फिलर गेज, घालून रोज तपासतात म्हणाला, तेव्हा मला घरी आल्यासारखं वाटलं. त्याचं सांगणं थोडक्यात असं: "मामा, दाणा फोडायचा, टरफल नाही. टरफल आख्खं राहिलं तर त्याचाच थर गाळणीचं काम करतो. पीठ केलं तर सगळं चिखल होऊन बसतं, रस खाली उतरत नाही." म्हणून बिअरवाले रोलची चक्की घेतात, आमच्यासारखी फटक्याची नाही. मोठ्या कारखान्यांत कापडी फिल्टरप्रेस असते तिथं फटक्याची चालते, कारण गाळायला टरफल लागतच नाही.

हे ऐकल्यावर रोलची घ्यावी की फटक्याची, हा आमचा प्रश्न सुटला. नाचणीला मळणीनंतर जपावं असं टरफलच उरत नाही आणि सत्त्व गाळायचंही ते कापडातून. मग रोल कशाला? मला दोन रोल कातून वर खाचा पाडायला (नर्लिंग मारायला) एक दिवस पुरला असता, हात शिवशिवलेही, पण नाचणीला त्याची गरज नाही.

दुसरी गंमत पाण्याची. ते लोक भरडायच्या आधी माल्टवर पाण्याचा बारीक फवारा मारतात. वजनाच्या शेकडा 1-2 टक्के पाणी, तेवढ्यानं टरफल चिवट होतं आणि तुटत नाही. आमच्या मशीनला तेवढाच ओलावा पुरतो बंद पडायला. बेळगावच्या जुलै-ऑगस्टमध्ये हे फार नीट कळतं. मोड आणलेली नाचणी सावलीत वाळवली, हाताला कोरडी लागली, दळायला टाकली, की थोड्या वेळात मोटरचा आवाज जड होतो आणि खाली पीठ येणं थांबतं. जाळी काढून बघावी तर भोकाभोकांत पिठाची राखाडी पापडी बसलेली, बोटानं दाबली तर बिलगते. ओल्या जाळीला पाणी लावू नये. ती उन्हात किंवा पंख्याखाली वाळू द्यावी, मग ब्रशनं पाठीमागून झटकावी. पावसात आम्ही नाचणी वाळली तरी मंद आचेच्या कढईत हलकी परतून घेतो. दाणा दाताखाली कट्टकन वाजला पाहिजे, मऊ दबला तर अजून थांबायचं. खानापूरच्या पाहुण्यांनी आमच्याकडं बघून तेच मशीन घेतलं. त्यांच्याकडं पाऊस आमच्याहून जास्त, म्हणून ते वर्षाची नाचणी मे महिन्यातच मोड आणून, वाळवून, डब्यात भरून ठेवतात. ही युक्ती आमच्यापेक्षा चांगली.

परतणं मात्र किती, ते कशासाठी दळताय त्यावर. खमंग भाजली की वास सुरेख, पण मोड आल्यामुळं तयार झालेली पिष्ट फोडायची ताकद गेली. न भाजलेल्या मोडाच्या पिठाची करामत बघायची असेल तर साध्या नाचणीची घट्ट लापशी करा, चमचा उभा राहील अशी. खाली उतरवून बोटाला सोसेल एवढी निवू द्या आणि चमचाभर मोडाचं पीठ ढवळा. ढवळता ढवळता ती सैल होत जाते, पळीवरून धार पडायला लागते, चवीला किंचित गोड लागते. उकळत्या लापशीत टाकलं तर काही होत नाही, उष्णतेनं ते मरतं. बाळाला द्यायची असेल तर पातळ झाल्यावर पुन्हा एक उकळी द्या, मोडाच्या ओलीत जंतूही वाढलेले असतात. बिअरच्या भांड्यातही कामाची सुरुवात इथूनच होते, पुढं त्यांची वाट वेगळी.

जोंधळ्याला मोड आणून दळणाऱ्यांनी एक पाळावं. कोवळी ज्वारी जनावरांना बाधते हे आपल्याकडं गुराख्यालाही ठाऊक आहे. त्याच जातीचं विष मोडाच्या कोंबांत असतं. वाळल्यावर चोळून, पाखडून कोंब पूर्ण काढा, मगच दळा. नाचणीत ती भानगड नाही, तिथं कोंब काढतो ते चवीसाठी.

भरडीबद्दल: सगळ्यात मोठ्या भोकांची जाळी लावली तरी खपलीचा रवा आणि पीठ मिसळूनच येतं. फटक्याच्या मशीनची ती मर्यादा. चाळून घ्यायचं, वरचं हुग्गीला, खालचं धिरड्याला. एकसारखी भरड हवी तर जातं किंवा रोल. भाजणी आणि हरभऱ्याचं पीठ उत्तम. शेंगदाणे, तीळ घालू नका, तेल सुटून जाळी बंद होते. संकेश्वरी मिरचीही नको, पुढचे कितीतरी दिवस नाचणी तिखट लागेल. चटणीला कांडपच बरं.

आवाज आहे, मिक्सरपेक्षा जाड आणि लांब चालणारा. दुपारी दळतो. पीठ कोमट येतं. परातीत पसरून निवल्यावरच डब्यात भरायचं, नाहीतर घाम धरून गुठळ्या. विजेला घाबरू नका, 1 एचपी म्हणजे 746 वॅट, मोटरची घट धरली तरी तासाला युनिटभर. फक्त कर्नाटक सरकारच्या गृहज्योती योजनेतलं मोफत बिल 200 युनिटांपर्यंत असलं तरी आपली हद्द आपल्याच जुन्या सरासरी वापराहून थोडीच जास्त, हे रोज दळणाऱ्यांनी ध्यानात ठेवावं. साध्या 5 अँपिअरच्या पिनवर लावू नका, पॉवर प्लग आणि अर्थिंग हवंच. दळून झालं की आतल्या कोपऱ्यांतलं पीठ ब्रशनं काढा. पावसात तिथं आठवड्यात किडे दिसतात.

माझी तक्रार सुट्या भागांची. बारीक जाळीची कड उन्हाळ्यात फाटली. ज्या दुकानातून मशीन घेतलं तिथं नंबर सांगितला, जाळी आली ती त्याच नंबरची पण भोकं मोठी. बदलून दिली, फार खेपांनंतर. कंपनीगणिक नंबर वेगळे असतात. जाळी मागवताना जुनी सोबत न्या, नाहीतर भोकाचा व्यास मोजून मिलिमीटरमध्ये लिहून द्या.