हवा नव्हतीच: ड्रोन ट्रेनिंगच्या नावाखाली माझे ६५,८२० रुपये कसे गेले

आकडा आधीच लिहून टाकतो, कारण गावात प्रत्येक जण वेगळा सांगतोय. कोणी दीड लाख म्हणतं, कोणी म्हणतं पोट्ट्यानं वावर गहाण टाकलं. वावर गहाण टाकलेलं नाही. नोंदणीचे २,१००, कोर्सचे ४२,४८०, 'परीक्षा फी' ५,९०० आणि 'सबसिडी फाईल' १५,३४०. बेरीज ६५,८२०. त्यातले ४२,४८० म्हणजे बाबांची सहा क्विंटल तूर. हमीभाव ७,५५० होता, आम्ही ती ७,०८०नं व्यापाऱ्याला घातली, कारण ट्रेनिंगवाल्या नागपूरच्या साहेबांना पैसे सोमवारपर्यंत हवे होते, तेही रोख. सहा गुणिले ७,०८० करून बघा. जणू आमची पोती मोजूनच फी ठरवली होती.

मी बी.कॉम. आहे. 'एवढं शिकून कसा फसला' हे मला घरात, चौकात आणि ठाण्यात मिळून इतक्यांदा ऐकवून झालंय की इथे कोणी लिहिलं नाही तरी चालेल.

ड्रोनच का, हे आमच्याकडच्या माणसाला सांगावं लागत नाही. २०१७मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी आणि मजूर दगावले. पेपरात आलं, चौकशा झाल्या, आणि दुसऱ्या वर्षी पुन्हा तोच पंप पाठीवर. मी स्वतः डोक्याएवढ्या पऱ्हाटीत शिरून फवारलंय आणि बांधावर बसून ओकलोय. दहा लिटरची टाकी घेऊन यंत्र वरून फिरतं, दहा मिनिटांच्या आत एकर होतो आणि माणूस लांब उभा राहतो, हे पाहिल्यावर कोणाला वाटणार नाही? हाव नव्हती असंही म्हणत नाही. एकराला ४०० रुपये, दिवसाला वीस एकर, हा हिशोब माझ्या वहीत आहे. दोनदा अधोरेखित केलेला.

जाहिरात व्हॉट्सअॅपवर आली. पाच दिवसांचं ट्रेनिंग, सरकारमान्य सर्टिफिकेट, हमखास काम, ८० टक्के सबसिडीवर स्वतःचा ड्रोन. मर्यादित जागा वगैरे. ते ८० टक्के कुठून आले ते मला नंतर कळलं. ती नमो ड्रोन दीदीची सवलत, महिला बचत गटांसाठी, आठ लाखांच्या मर्यादेत. एकट्या पुरुष शेतकऱ्याचा तिथे संबंधच नाही. पण दुसऱ्यांची सवलत अशी मध्येच कालवून सांगितली की ऐकणाऱ्याला सगळंच सरकारी वाटतं.

तालुक्याला एका कृषी केंद्राच्या वरच्या हॉलमध्ये आम्ही चौदा जण. पहिले चार दिवस नुसता फळा आणि प्रोजेक्टर. आणि शिकवलं बरोबर, हेच तर दुखतं. २५० ग्रॅमपर्यंत नॅनो, दोन किलोपर्यंत मायक्रो, तिथून पंचवीस किलोपर्यंत स्मॉल. सरकारी नकाशावरच्या हिरव्या झोनमध्ये ४०० फुटांपर्यंत परवानगी लागत नाही, लाल झोनमध्ये जायचंच नाही. डावी दांडी वर-खाली आणि गोल फिरवायला, उजवी पुढे-मागे आणि बाजूला. मी सगळं लिहून घेतलं. आता वाटतं, हे सगळं फुकटात वाचायला मिळतं. त्या साहेबानेही तिथूनच उचललं असणार.

शिकायला वय १८ ते ६५ आणि किमान दहावी पास लागतं, हे त्याने स्वतः फळ्यावर लिहिलं होतं. माझ्या शेजारी आमच्याच गावचे काकाजी बसले होते. वय अठ्ठावन्न, शिक्षण सातवी. त्यांचे पैसे त्याने घेतले होते. मी तो फळा वहीत उतरवत होतो आणि काकाजी माझ्या बाजूला बसलेले, तरी माझ्या डोक्यात काही लागलं नाही.

पाचवा दिवस, रविवार, ९ मार्च. पहिलं उड्डाण. आदल्या रात्री मी झोपलो नाही. फोनवर पाहून यादी केली होती: पंखे घट्ट आहेत का, शेजारशेजारचे पंखे उलट दिशांना फिरतात का, रिमोट आधी चालू करायचा आणि ड्रोन नंतर, होकायंत्राचं कॅलिब्रेशन लोखंडापासून लांब, उपग्रह मिळाल्यावर होम पॉइंट (ड्रोननं परत यायची जागा) लागला का, टाकीत नुसतं पाणी, ड्रोनचं तोंड आपल्या उलट दिशेला म्हणजे डावं-उजवं उलटं होत नाही, आणि पहिल्यांदा फक्त डोक्याच्या वर नेऊन स्थिर धरायचा. आईनं पहाटे उठून डबा दिला. इस्त्रीचा निळा शर्ट घातला. परीक्षेला नाही एवढी तयारी केली होती.

शेतात पोचलो तर साहेबांनी टिनाच्या शेडला खेटून ड्रोन उभा केलेला. लोखंडापासून लांब, हे त्यांनीच आम्हाला आदल्या दिवशी सांगितलं होतं. बॅटरी मी हातात घेतली. सहा सेलची, वर-खाली सपाट असायला हवी ती, पण मधून फुगलेली, भिजून आलेल्या हरभऱ्यासारखी. भरलेली असेल तर २५.२ व्होल्ट दाखवायला पाहिजे; मीटरवर २१.९. मी म्हणालो, "सर, ही फुगल्यासारखी वाटते." ते म्हणाले, "दादा, नवीन बॅटरी अशीच असते, नंतर बसते." मी मान हलवली.

ड्रोनच्या पोटाला नोंदणी क्रमांकाची पट्टी होती. त्यावर 'यूआयएन' छापलेलं होतं आणि पुढे काहीच नाही. रिकामी जागा.

मग साडेआठच्या सुमारास ते आकाशाकडे बघून म्हणाले, "आज हवा जास्त आहे. उडवणं सेफ नाही."

इथे मी थांबतो, कारण माझं सगळं नुकसान या एका वाक्यात आहे. धुऱ्यावर पळस फुलला होता, त्याचं एक फूल हलत नव्हतं. पलीकडच्या वावरात कोणीतरी पालापाचोळा पेटवला होता, धूर काठी उभी करावी तसा सरळ. मी लहानपणापासून खळ्यावर बापासोबत हरभरा उफणलाय. मूठभर माती सोडून बघायची, ती कुठे जाते त्यावर सूप धरायचं. हवा पडली की काम बंद, सगळे सावलीत. हवा आहे की नाही हे ज्याला नागपूरच्या माणसाला विचारावं लागेल तो आमच्यात शेतकरीच नाही.

काकाजींनी चिमूटभर माती उचलली, सोडली. त्यांच्या पायाशीच पडली. म्हणाले, "हवा कुठी हाय बाप्पा? पान हालून नाही राह्यलं."

आणि मी, मी त्यांना गप्प केलं. "काकाजी, मशीनले वरची हवा लागते. तुमाले थे समजत नाही."

साहेब हसले. मला म्हणाले, "याला म्हणतात विद्यार्थी."

वाऱ्याच्या नावाखाली उड्डाण रद्द झालं. मग एकेकाच्या हातात रिमोट देऊन फोटो काढले, मागे ड्रोन, जमिनीवर. माझे चार काढले, "शर्ट छान आहे" म्हणून. उड्डाणाच्या वहीत प्रत्येकाच्या नावापुढे तास भरले आणि सह्या घेतल्या. मी सही केली. न उडवलेल्या उड्डाणाची सही. हा कागद आता ठाण्यात माझ्याच विरोधात दाखवतात, "तुम्हीच तर सही केली".

एवढं होऊनही मी पुढे दोनदा पैसे दिले. त्याच संध्याकाळी ५,९००, 'डीजीसीए परीक्षा फी'. डीजीसीए म्हणजे विमान वाहतुकीवर देखरेख ठेवणारं केंद्राचं कार्यालय. परीक्षा ट्रेनिंग संस्थाच घेते, आणि २०२१च्या नियमांत पायलटच्या कागदाची सरकारी फी १०० रुपये आहे. शंभर! ११ तारखेला १५,३४०, सबसिडीची फाईल 'पुढे सरकवायला'. ते अर्ज राज्य सरकारच्या महाडीबीटी पोर्टलवर आपले आपण होतात, २३ रुपये ६० पैशांत. दोन्ही रकमा मी जीएसटी धरून काढून बघितल्या होत्या, ५,००० वर १८ टक्के, १३,००० वर १८ टक्के, पैशापर्यंत बरोबर. म्हणून विश्वास बसला. कॉमर्सवाला ना! पावतीवर जीएसटी नंबर आहे का, ते मात्र पाहिलं नाही. तुम्ही आधी तेच पाहा, टक्केवारी कोणालाही काढता येते.

सर्टिफिकेट पीडीएफमध्ये आलं. मी ३० रुपये देऊन लॅमिनेशन केलं.

२१ एप्रिलला एका शेतकरी उत्पादक कंपनीत कामाला म्हणून गेलो. त्यांच्याकडे ड्रोन होता, पायलट सोडून गेला होता. तिथला मॅनेजर माझ्याच वयाचा. त्याने माझ्या सर्टिफिकेटवरचा क्यूआर कोड स्कॅन केला. तो उघडला त्या लोकांच्याच वेबसाइटवर, माझा फोटो आणि खाली 'व्हेरिफाइड'. त्याने मग डिजिटल स्काय या सरकारी ड्रोन पोर्टलवर मान्यताप्राप्त ट्रेनिंग संस्थांची यादी काढली. नाव नाही. इंग्रजी स्पेलिंग बदलून पाहिलं, नाही. ही यादी कोणालाही फुकट दिसते, पैसे देण्याआधी दोन मिनिटं लागतात. त्याने पाणी दिलं आणि अगदी साधेपणानं विचारलं, "भाऊ, तुम्ही आत्तापर्यंत किती वेळ उडवला?"

मला उत्तर देता आलं नाही.

आता सरकारी दारांचं सांगतो. सायबर फसवणुकीच्या १९३० हेल्पलाइनवर त्याच रात्री फोन केला. तिथे फोन लगेच लागला, तक्रार लिहून घेतली. उशीर माझा होता, एक्केचाळीस दिवस. ऑनलाइन गेलेले २३,३४० नोंदले. ज्या खात्यात गेले त्यात ३१२ रुपये उरले होते, ते होल्ड झाले. तुरीचे ४२,४८० रोख दिले, त्याचा मागच नाही. रोख देऊ नका. कितीही घाई करू द्या, 'आजच सीट भरतेय' म्हणू द्या, देऊ नका.

आमच्या ठाण्यात गेलो. पहिल्या दिवशी साहेब बंदोबस्तात. दुसऱ्या दिवशी, "स्वखुशीनं दिले ना? मग हा दिवाणी मामला." मी म्हटलं, खोटं सर्टिफिकेट दिलंय, हा दिवाणी कसा? तर, "ऑफिस नागपूरला आहे, नागपूरला तक्रार द्या." मी वाचून गेलो होतो की १ जुलै २०२४पासून नवीन कायद्यात, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३मध्ये, गुन्हा कुठेही घडलेला असो, खबर कोणत्याही ठाण्यानं घ्यावी असं आहे. हे सांगितल्यावर हवालदार बाजूच्याला म्हणाला, "वकील आले बघ." झाला चेष्टेचा विषय. तिसऱ्या वेळी जिल्ह्याला सायबरकडे पाठवलं. तिथे म्हणाले, माणूस प्रत्यक्ष भेटला, हॉलमध्ये शिकवलं, हे सायबर कसं? ठाण्यात जा. म्हणजे ऑनलाइनवाल्यांना मी फार ऑफलाइन आणि ऑफलाइनवाल्यांना फार ऑनलाइन. सात चकरा झाल्या. प्रत्येक वेळी अर्ज नव्यानं लिहायला लावला, कारण आधीचा 'फाईलला दिसत नाही'. पोच मागितली की चेहरा बदलतो. तरी मागा. माझ्याकडे पोचेचे दोनच शिक्के आहेत आणि आज तेवढीच माझी पुंजी आहे.

कृषीवाल्यांचं वेगळंच. "ड्रोन उडवणं आमच्याकडे नाही, ते विमानवाल्यांचं." मग सबसिडीच्या नावानं पैसे घेतले ते? "आम्ही तर नाही घेतले ना?" आणि ज्याच्या हॉलमध्ये हे सगळं झालं तो कृषी केंद्रवाला म्हणतो, मी फक्त भाडं घेतलं. खरंही असेल. पण पाच दिवस खाली बसून तो आम्हाला चहा पाजत होता, म्हणून आम्ही वर चढलो.

चौदा जणांपैकी तक्रारीवर सही करायला मी धरून तिघे. बाकीच्यांना बदनामी नको. एकाच्या घरी तर अजून सांगितलेलंच नाही. मला राग येत नाही त्यांचा, मीही एक महिना बाबांशी नीट बोललो नव्हतो. बाबा मला काहीच म्हणाले नाहीत. आईजवळ म्हणाले, "तूर हमीभावानं इकली असती तं अडीच-तीन हजार अजून गेले असते." सहा क्विंटल, क्विंटलला ४७०चा फरक, २,८२०. बरोबर आहे त्यांचा हिशोब.

तिसरी सही काकाजींची आहे. त्या दिवशीच्या बोलण्याबद्दल मी माफी मागितली तर म्हणाले, "माती पायावर पडली तवाच मले समजलं होतं. पन तू शिकलेला पोरगा, मनलं याले माहीत असंन." ग्राहक आयोगातही अर्ज टाकतोय आम्ही, पाच लाखांपर्यंत तिथे फी लागत नाही.

हे सगळं आजच लिहायचं कारण वेगळं आहे. परवा मामाच्या गावच्या ग्रुपवर नवीन जाहिरात आली. संस्थेचं नाव दुसरं, नंबर दुसरा, फी ३९,०००. वर फोटो: मोकळं वावर, मागे टिनाचं शेड, जमिनीवर ड्रोन आणि पुढे निळ्या शर्टातला एक जण रिमोट धरून हसतोय. खाली लिहिलंय, 'आमचा यशस्वी पायलट'. तो मी आहे. तुमच्या फोनवर तो फोटो आला तर मागच्या धुऱ्यावरचा पळस मोठा करून बघा, एक फूल हललेलं नाही.