लॅपटॉप की खरा सिंथ? नागपूरच्या नव्या सिंथ-पॉप बँडसाठी

धरमपेठेतल्या छोट्या कॅफेत प्रयोगशील सिंथ-पॉप वाजवणाऱ्या नव्या बँडने आवाज कुठून काढावा, लॅपटॉपमधून की खऱ्या सिंथमधून, म्हणजे विजेवर सूर तयार करणाऱ्या सिंथेसायझर वाद्यातून?

पैशाचं गणित लॅपटॉपच्या बाजूने आहे, वादच नाही. सर्ज, व्हायटल असे सॉफ्टवेअर सिंथ फुकट मिळतात. त्रास होतो तो उशिराचा, म्हणजे कळ दाबल्यापासून आवाज येईपर्यंतच्या वेळेचा. ४४.१ किलोहर्ट्झवर २५६ सॅम्पलचा (आवाजाच्या बारीक तुकड्यांचा) बफर, म्हणजे तात्पुरता साठा, ठेवला, की तिथेच जवळपास ६ मिलिसेकंद जातात. बफर कमी करावा, तर जुना प्रोसेसर करकरतो. शिवाय चार्जर लावला की स्पीकरमध्ये गुणगुण सुरू होते. तेव्हा बॅटरीवर वाजवा, नाहीतर मध्ये डीआय बॉक्स (गुणगुण तोडणारी छोटी पेटी) ठेवा.

खऱ्या सिंथवर फिल्टरचं, म्हणजे आवाजाचा पोत बदलणारं, बटण फिरवणारा हात लोकांना दिसतो. लॅपटॉपवाला मेल तपासतोय की वाजवतोय, देव जाणे! पण नागपूरचा मे महिना आठवा, भाऊ. पारा ४५ अंशांवर आणि सरावाच्या खोलीत फक्त कूलर. जुन्या धाटणीचे अ‍ॅनालॉग ऑसिलेटर (मूळ सूर काढणारे भाग) तापमानासोबत सुरातून सरकतात, त्यामुळे मशीन तापू द्यायचं आणि वाजवण्याआधी पुन्हा सुरात आणायचं. १९८४ च्या रोलंड जुनो-१०६ सारख्या वाद्यांत ऑसिलेटरवर डिजिटल ताबा असतो, ती बरीच स्थिर राहतात. मात्र त्यांच्या जुन्या चिप्स दगा देतात आणि दुरुस्ती करणारा शोधत फिरावं लागतं.

मला विचाराल तर ड्रम आणि पार्श्वभूमी लॅपटॉपवर, बेसला एकच छोटा खरा सिंथ. वाद्यं आणि संगणक एकमेकांना जोडणारी मिडी पद्धत १९८३ पासून आहेच. दोघांचा ठेका एका वायरीने जुळतो.