स्लॅग, फ्लाय ॲश की भाजलेली माती?

साधं सिमेंट सोडून कमी कार्बनचं घ्यायचं, इथपर्यंत तुमचं ठरलंय असं धरून चालतो. क्लिंकर, म्हणजे चुनखडी आणि माती भाजून होणारे, सिमेंटसाठी दळायचे खडे, भाजताना खुद्द चुनखडीतूनच कार्बन डायऑक्साइड सुटतो, त्यामुळे भट्टीचं इंधन बदलून फार तर अर्धं काम होतं. क्लिंकरच कमी करायचं, तर त्याच्या जागी काय घालायचं, एवढाच प्रश्न: स्लॅग, म्हणजे लोखंडाच्या झोतभट्टीतली दळलेली मळी; फ्लाय ॲश, म्हणजे कोळशाच्या वीजकेंद्रातली बारीक राख; की भाजलेली माती?

फ्लाय ॲशचा माल हाताळायला सगळ्यांत सोपा. पाणी कमी मागतो, फिनिश छान येतं. पण राखेची प्रत बदलत राहते आणि सुरुवातीची ताकद सावकाश येते. तिच्याबद्दल माझी फारशी तक्रार नाही, प्रेमही नाही.

कागदावर देखणं म्हणाल तर एलसी३, म्हणजे भाजलेल्या मातीचं सिमेंट. निम्मं क्लिंकर, ३० टक्के भाजलेली माती, १५ टक्के कच्ची चुनखडी, उरलेलं जिप्सम. क्लिंकरला सुमारे १४५० अंश लागतात, ही माती ७००–८५० अंशांत भाजून निघते. कार्बन साधारण ३० ते ४० टक्क्यांनी घटतो आणि माती चांगली असेल तर सातव्या दिवसापर्यंत ताकद साध्या सिमेंटच्या आसपास पोचते. मी मोहात पडलो तो यामुळेच.

पण माल चिकट. भाजलेली माती इतकी बारीक, की पाणी धरून ठेवते; थापीला माल ओढला जातो आणि ओतेओतेपर्यंत स्लम्प, म्हणजे मालाचा पातळपणा, उतरलेला असतो. सुपरप्लास्टिसायझरचा (पाणी न वाढवता माल पातळ करणाऱ्या रसायनाचा) डोस नीट बसवला तर हे आटोक्यात येतं, नाही असं नाही. साइटवर मात्र माल घट्ट वाटला की कुणाचा तरी हात पाइपकडे जातोच, आणि आपली पाठ वळली की मिक्सरमध्ये पाणी पडलेलं असतं, म्हणजे ताकद गेलीच. माझा निर्णय इथेच फिरला.

स्लॅगचा त्रास वेगळा आहे. निम्मं सिमेंट काढून स्लॅग घातला की पहिले काही दिवस काँक्रीट आळशी, थंडीत तर फारच. शटरिंग (ओतकामाचा साचा) अडकून पडतं, क्युरिंग (काँक्रीट ओलं ठेवणं) लांबवावं लागतं. शटरिंग काढल्यावर निळसर-हिरवी झाक दिसते, तेव्हा मालक हमखास घाबरतो. हवा लागली की ती जाते. पण हा सगळा उशीर आधीच वेळापत्रकात मांडता येतो. मिक्सरमध्ये गुपचूप पडलेलं पाणी कुठल्याच वेळापत्रकात दिसत नाही.

शिवाय स्लॅगमुळे इमारतीच्या मोठ्या पायात उष्णता कमी निर्माण होते, आणि खाऱ्या हवेत क्लोराइड सळईपर्यंत पोचायला फार वेळ घेतं. एलसी३ही इथे कमी नाही, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं.

तेव्हा माल तयार प्लांटमधून येणार असेल, डोसवर लक्ष ठेवणारा माणूस असेल आणि शटरिंग लवकर फिरवायचं असेल, तर एलसी३ जरूर बघा. स्लॅगचा पुरवठा लोखंडाच्या झोतभट्ट्यांवर अवलंबून आहे, हेही आहेच. पाया, भिंती, टाक्या यांना मी आजही स्लॅगच सांगतो. फक्त शटरिंगचा एक जादा सेट आधीच मागवून ठेवा.