ऑटोरन्स आणि प्रोसेस एक्सप्लोरर: घरच्या कॉम्प्युटरवर नऊ महिने वापरल्यानंतर

बाबांच्या कॉम्प्युटरवर लॉगिन झालं की दोन-तीन सेकंदांत एक छोटी चौकट यायची. वर ‘रनडीएलएल’ असं नाव, खाली फाईलचा लांबलचक पत्ता, आणि ‘द स्पेसिफाइड मॉड्यूल कुड नॉट बी फाउंड’. ओके दाबलं की जायची, दुसऱ्या दिवशी पुन्हा हजर. अँटीव्हायरसचं पूर्ण स्कॅन दोनदा केलं, दोन्ही वेळा काहीच सापडलं नाही. दुरुस्तीवाल्याने फोनवरच निकाल दिला, ‘फॉरमॅट मारावं लागेल.’ बाबा तयारही झाले होते. मी म्हटलं, “बाबा, आठ दिवस थांबा. आधी कळू तरी दे, ही चौकट आणतंय कोण.”

त्या आठ दिवसांत मी सिसइंटर्नल्स या विंडोज तपासायच्या साधनसंचातली दोन साधनं शिकले, ऑटोरन्स आणि प्रोसेस एक्सप्लोरर. आज नऊ महिने झाले. घरातले तीन कॉम्प्युटर मी याच दोन साधनांच्या भरवशावर सांभाळते.

थोडी ओळख करून देते. मार्क रुसिनोविच आणि ब्राइस कॉग्जवेल या दोघांनी १९९६ मध्ये सिसइंटर्नल्सचं काम सुरू केलं, आणि २००६ मध्ये मायक्रोसॉफ्टने ते विकत घेतलं. दोन्ही साधनं फुकट आहेत आणि इन्स्टॉल करावी लागत नाहीत. झिप उघडायची, आतली फाईल ‘रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर’ करून चालवायची. डाउनलोड मात्र मायक्रोसॉफ्टच्या स्वतःच्या साइटवरूनच करा. संशयास्पद फाईल शोधायला निघालेला माणूस आधीच घाबरलेला असतो, आणि अशा माणसासाठी इंटरनेटवर सापळे मांडलेलेच असतात. कुठल्याही ईएक्सई फाईलचं नाव सर्चमध्ये टाकून बघा. ‘ही फाईल धोकादायक असू शकते, आमचा क्लीनर डाउनलोड करा’ असं सांगणारी पानं लगेच पुढे येतात.

ऑटोरन्स पहिल्यांदा उघडलं तेव्हा छातीत धस्स झालं. कॉम्प्युटर सुरू होताना, लॉगिन होताना, ठरावीक वेळी जे जे आपोआप चालतं त्याची ती यादी, आणि तिच्यात शेकडो ओळी. म्हणून पहिलं काम ऑप्शन्समध्ये जाऊन करायचं. ‘हाइड मायक्रोसॉफ्ट एन्ट्रीज’वर खूण करा, आणि स्कॅन ऑप्शन्समध्ये ‘व्हेरिफाय कोड सिग्नेचर्स’वर. यादी एकदम आटोक्यात येते. (सगळं तपासून झाल्यावर पहिली खूण काढून पुन्हा एकदा नजर टाकावी. मायक्रोसॉफ्टच्याच प्रोग्रॅमच्या हातून भलतंच काही चालवून घेण्याची युक्ती जुनी आहे.)

पिवळी ओळ म्हणजे जी फाईल बोलवायची आहे ती जागेवर नाही. गुलाबी ओळ म्हणजे फाईल बनवणाऱ्याची माहिती नाही किंवा डिजिटल सही (फाईल खरंच त्याचीच असल्याचा पुरावा) पटलेली नाही. ‘शेड्यूल्ड टास्क्स’च्या, म्हणजे आपोआप चालायला नेमून दिलेल्या कामांच्या टॅबमध्ये मला ती ओळ दिसली. पिवळी, नाव म्हणजे अर्थ नसलेली आठ-नऊ अक्षरं, आणि पत्ता ॲपडेटाच्या (प्रोग्रॅम आपला डेटा ठेवतात त्या) रोमिंग फोल्डरमधला. चौकटीत रोज दिसायचा तोच पत्ता. मग डिफेंडरची, म्हणजे विंडोजच्या स्वतःच्या अँटीव्हायरसची ‘प्रोटेक्शन हिस्टरी’ उघडली. ती डीएलएल फाईल (दुसऱ्या प्रोग्रॅमने बोलावून वापरायची कोडची फाईल) काही दिवसांपूर्वीच धोकादायक म्हणून काढून टाकलेली होती, आणि चौकट यायला लागली तीही तेव्हापासूनच.

म्हणजे अँटीव्हायरसने आपलं काम केलं होतं. फाईल गेली, पण तिला रोज हाक मारणारं टास्क मागे राहिलं. विंडोज रोज लॉगिनला त्या पत्त्यावर जायचं, तिथे कोणी नसायचं, आणि तेवढंच ते चौकटीतून सांगायचं. स्कॅनमध्ये काही सापडत नव्हतं, कारण सापडण्यासारखं काही उरलंच नव्हतं.

मी ती ओळ लगेच डिलीट केली नाही. ऑटोरन्समध्ये ओळीच्या डावीकडची खूण काढली की ती गोष्ट नुसती बंद होते, आणि पुन्हा खूण केली की पूर्ववत होते. डिलीट केलेलं मात्र परत आणता येत नाही. खूण काढली, रीस्टार्ट केलं, चौकट आली नाही. आठवडाभर वाट पाहिली आणि मगच ओळ पुसली. बाबांचे ईमेलचे आणि बँकेचे पासवर्ड मात्र त्याच दिवशी माझ्या फोनवरून बदलले. ती फाईल काढली जाण्याआधी किती दिवस तिथे होती आणि तिने काय काय वाचलं, हे सांगणारं कोणतंही साधन माझ्याकडे नव्हतं. ही पायरी बरेच जण गाळतात. कृपा करून गाळू नका.

रंग पाहून निकाल देऊ नका, हेही इथेच सांगते. पिवळ्या ओळींमध्ये काढून टाकलेल्या जुन्या प्रिंटरचे अवशेष निघतात. गुलाबीत एकट्या माणसाने मन लावून बनवलेलं छोटं, फुकट सॉफ्टवेअर निघतं, ज्यावर सही करायला त्याने प्रमाणपत्र घेतलेलं नसतं. आणि सही असली म्हणजे फाईल चांगलीच असंही नाही. २०१० मध्ये उघडकीस आलेल्या स्टक्सनेट या घातक प्रोग्रॅमने दोन हार्डवेअर कंपन्यांची चोरलेली प्रमाणपत्रं वापरली होती. मी तीन गोष्टी एकत्र बघते: फाईल राहते कुठे, सही कोणाची आहे, आणि तिला सुरू कोण करतं. नाव सगळ्यात शेवटी.

नावाने फसण्याचं जुनं उदाहरण म्हणजे २००२ मध्ये फिरलेला तो ईमेल: ‘तुमच्या कॉम्प्युटरवर जेडीबीजीएमजीआर नावाची फाईल आहे का बघा. तिच्यावर टेडी बेअरचं चित्र असेल. तो व्हायरस आहे, लगेच डिलीट करा आणि सगळ्यांना कळवा.’ फाईल सापडायची, चित्रही तेच असायचं, आणि लोक ती डिलीट करायचे. ती विंडोजचीच साधी फाईल होती. हल्ली हेच ‘एसव्हीसीहोस्ट’ या विंडोजच्या सर्व्हिसेस चालवणाऱ्या प्रोग्रॅमच्या बाबतीत होतं. टास्क मॅनेजरमध्ये त्याच्या डझनावारी ओळी दिसतात आणि माणूस हादरतो.

प्रोसेस एक्सप्लोरर इथे कामाला येतं. ते चालू असलेले प्रोग्रॅम झाडासारखे दाखवतं, म्हणजे कोणाच्या पोटातून कोण निघालं ते कळतं. खरं एसव्हीसीहोस्ट ‘सर्व्हिसेस’च्या फांदीखाली असतं, आणि त्याची फाईल विंडोजच्या सिस्टम३२ फोल्डरमध्ये असते (कधीकधी सिसवाऊ६४ मध्ये). कर्सर त्यावर ठेवला की त्याच्या आत कोणकोणत्या सर्व्हिसेस चालल्या आहेत त्यांची नावं दिसतात. टेम्प फोल्डरमधून चालणारं, किंवा नावातली सी आणि व्ही ही अक्षरं उलटसुलट झालेलं दिसलं, तर तिथे थांबून नीट बघायचं.

माझं सगळ्यात आवडतं बटण म्हणजे टूलबारवरचं निशाण्याचं चिन्ह. ते दाबून धरायचं, ओढत स्क्रीनवरच्या एखाद्या विंडोवर नेऊन सोडायचं, की ती विंडो ज्या प्रोग्रॅमची आहे ती ओळ यादीत निवडली जाते. दादाच्या लॅपटॉपवर एक बिननावाची विंडो अधूनमधून यायची. निशाणा सोडला तर निघाला व्हिडिओ कन्व्हर्टरसोबत आलेला अपडेटर. कन्व्हर्टर दादाने वर्षभरापूर्वीच काढला होता, असं वहिनी म्हणाली. अपडेटर तसाच राहिला होता.

दोन्ही साधनं व्हायरसटोटलशी जोडता येतात, आणि ही सोय फार मोठी आहे. व्हायरसटोटल २००४ मध्ये स्पेनमध्ये सुरू झालं, २०१२ पासून ते गूगलकडे आहे, आणि एकच फाईल सत्तरेक अँटीव्हायरस इंजिनांकडून तपासून घेतं. जोडणी चालू केली की प्रत्येक ओळीसमोर ‘०/७२’सारखा आकडा येतो, म्हणजे ७२ पैकी एकाही इंजिनाला ती फाईल वाईट वाटली नाही. साध्या तपासणीत फाईल पाठवली जात नाही, फक्त तिचा हॅश, म्हणजे ठसा पाठवला जातो. ‘सबमिट अननोन एक्झिक्युटेबल्स’ हा पर्याय मात्र मी बंदच ठेवते. आणि साइटवर जाऊन स्वतःची कागदपत्रं, पगाराच्या स्लिप, करार असलं काही चढवू नका. तिथे चढवलेल्या फाईली सुरक्षा क्षेत्रातल्या कंपन्यांना बघता येतात.

आकड्याचा अर्थ लावायला मला वेळ लागला. माझ्या स्कॅनरच्या सॉफ्टवेअरसमोर लाल अक्षरांत ‘२/७१’ आलं, आणि मी ते उडवायलाच निघाले होते. पत्ता बरोबर, सही बनवणाऱ्याचीच. ज्या दोन इंजिनांनी बोट दाखवलं होतं त्यांची कारणंही ‘जेनेरिक’ स्वरूपाची, म्हणजे नुसता संशय. तीन आठवड्यांनी पुन्हा पाहिलं तेव्हा आकडा ०/७१ झाला होता. एक-दोन बोटं उठली तर वाट बघावी. तीस-चाळीस उठली तर नेट तोडून कामाला लागावं. आणि शून्य दिसलं तरी कालच तयार झालेली फाईल अजून कोणाच्याच ओळखीची नसू शकते.

ही साधनं कुठे कमी पडतात तेही सांगायला हवं. आईच्या स्क्रीनच्या कोपऱ्यात ‘तुमच्या कॉम्प्युटरमध्ये पाच व्हायरस’ असं यायचं. दोन्ही साधनांत अर्धा तास शोधून काहीच मिळालं नाही. मग नीट वाचलं तर खाली बारीक अक्षरांत ब्राउझरचं नाव आणि एका साइटचा पत्ता होता. आईने कधीतरी ‘अलाऊ’ दाबलं होतं, तेवढंच. ब्राउझरच्या सेटिंग्जमध्ये नोटिफिकेशन्समधून ती साइट काढली, विषय मिटला. कोपऱ्यातून येणारी भीती आधी तिथे शोधा.

नेहमीचे बरेचसे एरर तर व्हायरसचे नसतातच. ‘व्हीसीरनटाइम१४० डीएलएल सापडत नाही’ असं आलं तर ती एकटी डीएलएल कुठल्यातरी साइटवरून आणून टाकू नका. ती ज्यात येते ते मायक्रोसॉफ्टचं व्हिज्युअल सी++ रीडिस्ट्रिब्युटेबल घ्या, आणि ६४ बिटच्या विंडोजवर एक्स८६ (३२ बिटचं) आणि एक्स६४ (६४ बिटचं) दोन्ही टाका. ‘०एक्ससी०००००७बी’ हा एरर बहुतेक वेळा ३२ आणि ६४ बिटच्या फाईलींची सरमिसळ झाल्याने येतो, तिथेही हाच उपाय बऱ्याचदा लागू पडतो. विंडोजच्याच फाईली बिघडल्याचा संशय असेल तर ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून कमांड प्रॉम्प्ट उघडून आधी डीआयएसएमचं रीस्टोरहेल्थ आणि मग एसएफसी स्कॅननाऊ या दुरुस्तीच्या दोन कमांड चालवा. रोज वेगळाच प्रोग्रॅम, रोज वेगळाच एरर, असं चाललं असेल तर फाईलींच्या मागे लागण्याआधी विंडोजची मेमरी डायग्नोस्टिक चालवून रॅम तपासा.

तक्रारी विचाराल तर, सगळं इंग्रजीत आणि तेही तांत्रिक. ‘ही ओळ वाईट आहे’ असं ऑटोरन्स कधीच म्हणत नाही, निर्णय आपल्यावर सोडतं. आणि अँटीव्हायरसची जागा ही दोन्ही घेत नाहीत. डिफेंडर चालू हवाच. ज्यांना ओळ न ओळ वाचायचा कंटाळा आहे त्यांनी हे हातात घेऊ नये, कारण चुकीचा ड्रायव्हर बंद केला तर कॉम्प्युटर सुरूच न होण्याची वेळ येते.

माझी आताची पद्धत अशी. तिन्ही कॉम्प्युटर स्वच्छ असताना मी ऑटोरन्सची यादी सेव्ह करून पेन ड्राइव्हवर ठेवली. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी ‘कंपेअर’ करते, आणि नव्याने आलेल्या ओळी हिरव्या दिसतात. बाबा शेजारी खुर्ची ओढून बसतात. गेल्या वेळी दोन हिरव्या ओळी निघाल्या. एक ब्राउझरच्या अपडेटची. दुसरी ओळखीची वाटेना. पत्ता प्रोग्रॅम फाइल्समधला, सही पटलेली, आकडा शून्य. बाबाच म्हणाले, “अगं, तो नवा कॅमेरा लावला ना मी मंगळवारी.” ओळ तशीच ठेवली आणि नवी यादी सेव्ह केली.