हॅमस्टरची गालपिशवी की उंदराची जीभ?

तोंडाच्या कर्करोगावर प्रयोग आखताना दोन प्रतिमानांपैकी (प्राण्यात रोग घडवून अभ्यासण्याच्या पद्धतींपैकी) एकाची निवड बहुधा करावीच लागते: सीरियन हॅमस्टरच्या गालपिशवीला, म्हणजे गालाच्या आत अन्न साठवण्याच्या पिशवीला, डीएमबीए हे कर्करोगकारक रसायन लावणे, किंवा उंदराला पिण्याच्या पाण्यातून ४-एनक्यूओ हे तसेच दुसरे रसायन देणे. माझ्या मते निर्णय प्राण्यापेक्षा आपल्या प्रश्नावर अवलंबून असावा.

१९५४ मध्ये संशोधक सॅली यांनी सुरू केलेल्या पहिल्या पद्धतीत आज द्रव पॅराफिनमधील ०.५ टक्के डीएमबीए आठवड्यातून तीनदा ब्रशने लावतात आणि साधारण १४ ते १६ आठवड्यांत गाठी दिसू लागतात. पिशवी उलटी करून गाठी मोजता येतात, मापता येतात. म्हणूनच एखादा वनस्पती-अर्क गाठी रोखतो का, हे पाहणाऱ्यांना ती सोयीची वाटते. परंतु माणसाच्या तोंडात अशी पिशवीच नसते, शिवाय तिच्यातून लसीकावाहिन्यांचा निचरा जवळजवळ होत नसल्याने तिला प्रतिकारशक्तीच्या पहाऱ्यातून सूट मिळते. या गाठींत एच-रास या कर्करोगाशी निगडित जनुकाच्या ६१ व्या कोडॉनवर (जनुकातील तीन अक्षरांच्या गटावर) उत्परिवर्तन आढळते. पाश्चात्त्य रुग्णांशी हे फारसे जुळत नाही, हा आक्षेप खरा आहे. मात्र १९९१ मध्ये मुंबईच्या संशोधकांनी तंबाखू चघळणाऱ्या रुग्णांच्या गाठींत याच जनुकाच्या १२ व ६१ व्या कोडॉनवर उत्परिवर्तने मोठ्या प्रमाणात नोंदवली होती, हे आपल्याकडच्या अभ्यासकाने विसरू नये.

४-एनक्यूओ हे कृत्रिम रसायन आहे, ते तंबाखूत नसते. तरीही ते डीएनएतील ग्वानिनला चिकटून तंबाखूजन्य हानीशी मिळतीजुळती हानी करते. एका प्रचलित पद्धतीत सी५७बीएल/६ या प्रयोगशाळेतील जातीच्या उंदरांना १६ आठवडे प्रति मिलिलिटर १०० मायक्रोग्रॅम या प्रमाणात ते देऊन पुढे साधे पाणी ठेवतात, आणि जिभेवर तसेच अन्ननलिकेत अतिवृद्धी (पेशींची जादा वाढ), दुर्विकसन (पेशींची बिघडलेली, कर्करोगपूर्व वाढ) व आक्रमक कर्करोग हे टप्पे क्रमाने पाहता येतात. प्रतिकारशक्ती शाबूत असलेला प्राणी, जनुक-बदलाच्या जाती आणि पेशींतील प्रथिने ओळखण्यासाठी लागणारी भरपूर प्रतिपिंडे ही येथील जमेची बाजू. हॅमस्टरसाठी अशी प्रतिपिंडे मिळवताना दमछाक होते.

उंदराचा खर्च मात्र वेगळ्या जागी निघतो. प्रत्येक प्राणी किती पाणी पितो यावर मात्रा ठरते, द्रावण प्रकाशापासून जपावे लागते आणि पिंजऱ्यातील भुसाही दूषित धरावा लागतो. गाठ अन्ननलिकेत झाली तर जिभेवर काहीच न दिसता वजन घटते, त्यामुळे वजनाची नियमित नोंद येथे अपरिहार्य आहे.

आपल्याकडचे तोंडाचे बहुतेक कर्करोग गाल व हिरडीच्या सांध्यात होतात, जिभेवर नव्हे. जागेच्या साम्यासाठी हॅमस्टर मोहात पाडतो. पण प्रतिकारशक्ती, जनुके किंवा इम्युनोथेरपी (प्रतिकारशक्तीच्या मदतीने उपचार) असा विषय असेल, तर मी उंदीरच घेईन. मेटास्टॅसिसचा, म्हणजे कर्करोग इतर अवयवांत पसरण्याचा, अभ्यास करायचा असल्यास दोन्ही अपुरे पडतात, कारण दोन्हींत गाठ दूर क्वचितच पसरते. आणि संस्थेच्या प्राणी नैतिकता समितीकडे प्रस्ताव पाठवताना किती वजन घटल्यावर प्राण्याला वेदनारहित मरण द्यायचे, ही मर्यादा पहिल्याच मसुद्यात लिहावी.