अंगणातील पुटिंग ग्रीन : हरळीचे की कृत्रिम गवताचे?

पुणे, नाशिक किंवा लोणावळ्याच्या परिसरातील बंगल्याच्या लॉनमधला सुमारे तीनशे चौरस फुटांचा तुकडा पुटिंग ग्रीनसाठी, म्हणजे गोल्फचा चेंडू हलकेच टोलून भोकात घालण्याच्या अगदी बारीक गवताच्या जागेसाठी, राखायचा ठरले, की मालकापुढे दोन पर्याय उभे राहतात : हरळीच्या संकरित जातीचे जिवंत ग्रीन किंवा कृत्रिम गवताचे ग्रीन. दूरचित्रवाणीवर अमेरिकेतील ऑगस्टा नॅशनल हे गोल्फ मैदान पाहून तसेच ग्रीन हवे असा आग्रह असेल, तर तो आधीच सोडलेला बरा. तेथील ग्रीनवर १९८१ पासून बेंटग्रास आहे आणि थंड हवामानाचे हे गवत आपल्याकडचा एप्रिल-मे सोसत नाही. उरलेल्या दोन पर्यायांत चेंडू कशावर छान धावतो, हा प्रश्न माझ्या मते दुय्यम आहे. जुलै महिन्यात रोज गवत कापणार कोण, याचे उत्तर आधी शोधावे.

आहे तेच लॉन आणखी बारीक कापले की ग्रीन तयार होते, हा समज सर्वत्र आढळतो. नर्सरीवाले ‘सिलेक्शन वन’ म्हणून विकतात ती हरळी लॉनसाठी उत्तम असली, तरी पाच मिलिमीटरपर्यंत कापल्यास तिचे पान जवळपास सगळे निघून जाते आणि पिवळट काड्या उघड्या पडतात. त्यासाठी टिफड्वार्फसारखी बुटकी जात लागते. अमेरिकेतील जॉर्जिया राज्यातल्या टिफ्टन येथून १९६५ मध्ये प्रसारित झालेली ही जात चार-पाच मिलिमीटरची कापणी सहज सहन करते. ती वांझ असल्यामुळे तिला बी धरत नाही आणि तिची लागवड धावत्या खोडांच्या तुकड्यांनीच करावी लागते; म्हणून कोणी ‘टिफड्वार्फचे बी’ देऊ करत असेल, तर तेथून सरळ परत फिरावे.

जमिनीखालचे काम त्याहून मोठे आहे. अमेरिकन गोल्फ संघटनेच्या शिफारशीप्रमाणे खाली चार इंच खडी आणि तिच्यावर बारा इंच वाळूप्रधान मिश्रण घालायचे म्हटले, तर तीनशे चौरस फुटांना एक ब्रास खडी आणि तीन ब्रास मिश्रण लागते. घरगुती ग्रीनसाठी वाळूचा थर काहीसा कमी करता येतो, परंतु काळ्या मातीवर निचऱ्याची सोय न करता गवत लावले, तर पहिल्याच पावसाळ्यात मुळे कुजू लागतात.

त्यानंतर कापणीचा प्रश्न येतो. घरोघरी असणारे रोटरी मोवर वीस-पंचवीस मिलिमीटरच्या खाली नीट कापत नाही. ग्रीनसाठी दंडगोलावर पाती असलेले रील मोवर लागते आणि त्याच्या पात्यांची धार व जुळणी वरचेवर तपासावी लागते. एका कापणीत पानाचा एक-तृतीयांशापेक्षा अधिक भाग काढू नये, या नियमाने पाच मिलिमीटर उंची राखायची तर गवत साडेसातच्या वर जाऊ देता येत नाही, आणि पावसाळ्यात ही वाढ एक-दोन दिवसांत होते. माळी चार दिवस गावी गेला, तर परतल्यावर त्याला ग्रीन टप्प्याटप्प्यानेच खाली आणावे लागते. याशिवाय वाळूचा पातळ हात देणे, साठलेला थॅच (मेलेल्या काड्या-मुळांचा थर) काढणे, जमिनीला भोके पाडून हवा खेळती ठेवणे, बुरशी आणि मुळे कुरतडणारी हुमणी यांवर लक्ष ठेवणे ही कामे आहेतच. उन्हाळ्यात आठवड्याला पंचवीस ते चाळीस मिलिमीटर पाणी धरले, तर एवढ्याशा तुकड्याला सातशे ते अकराशे लिटर लागतात; टँकरवर अवलंबून असलेल्या सोसायटीत हे शेजाऱ्यांना पटवणे अवघडच.

कृत्रिम ग्रीनमध्ये सारी मेहनत सुरुवातीला असते, आणि नेमकी तीच पुष्कळदा टाळली जाते. मुरूम आणि वर बारीक कच यांचे थर पाणी मारून रोलरने दाबल्याशिवाय गालिचा अंथरला, तर काळी माती पावसात फुगून उन्हाळ्यात आकसते आणि चेंडू मनाला येईल तिकडे वळू लागतो. उतार दोन टक्के, म्हणजे दहा फुटांत सुमारे अडीच इंच, पुरेसा होतो. तंतूंमध्ये वाळू किती घासून बसवली यावर चेंडूचा वेग ठरतो. स्टिंपमीटर या पट्टीवरून सोडलेला चेंडू जितके फूट जातो, तो ग्रीनचा वेग. चांगल्या कृत्रिम ग्रीनवर नऊ-दहा फूट सहज मिळतात, तर घरच्या हरळीवर सात-आठ मिळाले तरी समाधान मानावे. पावसाची सर ओसरल्यावर थोड्याच वेळात कृत्रिम ग्रीनवर खेळता येते. मात्र वैशाखातील दुपारी त्यावर अनवाणी उभे राहवत नाही, सावलीच्या कोपऱ्यात शेवाळ धरते आणि दुरून उडवलेला चेंडू खऱ्या ग्रीनसारखा थांबत नाही. भोकात बसवायचे १०८ मिलिमीटर व्यासाचे कपही कायमचे बसतात. एकच कप असेल, तर त्याकडे जाणारे फटके महिन्याभरात पाठ होतात. त्यामुळे पाया घालतानाच तीन-चार कप बसवून घ्यावेत. हरळीच्या ग्रीनवर भोक हवे तेव्हा हलवता येते, ही तिची खरी श्रीमंती.

जागेवर सहा-सात तास थेट ऊन येत नसेल, तर हरळीचा विचारच सोडावा. आंब्याखाली टिफड्वार्फ टिकत नाही. ऊन, स्वतःची विहीर आणि रोज येणारा जाणता माळी या तिन्ही गोष्टी असतील, तरच मी जिवंत ग्रीनची शिफारस करीन. इतरांनी मधला भाग कृत्रिम करून भोवतीचे लॉन पंचवीस मिलिमीटरवर राखावे, म्हणजे चिपिंगचा, ग्रीनबाहेरून चेंडू थोडा उचलून ग्रीनवर टाकण्याचा, सराव खऱ्या गवतावरून होतो आणि साधे मोवर पुरते. अशा वेळी दोहोंच्या सीमेवर जमिनीत सहा इंच खोल कडा बसवून घ्यावी आणि तिच्यावरून पलीकडे येणारे फुटवे पावसाळ्यात दर आठवड्याला छाटावेत, कारण हरळी वाळू भरलेल्या गालिच्यातही मुळे धरते आणि एकदा रुजली, की तंतू न उपटता तिला काढणे कठीण जाते.